फवारणीचं विष पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून: मूल हवं असलेल्या शेतकरी घरासाठी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती आणि नोझल वर धरावं लागत असल्यानं फवारा तोंडावर येत होता. तेव्हापासून मास्क-हातमोज्यांची जी चर्चा झाली ती जीव वाचवण्यापुरती. ती हवीच. पण ज्या घरात येत्या वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलवायचा आहे, तिथं आणखी एक हिशेब मांडावा लागतो. चक्कर नाही, उलटी नाही, तरी रोज थोडंथोडं अंगात जाणारं औषध बाळापर्यंत पोचू शकतं, आणि काही वाटांनी बाळाच्या बाळापर्यंतही. हा हिशेब जितका मात्रेचा तितकाच वेळेचा आहे. कुठले महिने नाजूक, हे कळलं की काय बंद करायचं आणि कधी, ते ठरवता येतं.

विष पुढे जातं ते कोणत्या वाटेनं

पहिली वाट आईकडून. मुलीचा गर्भ साधारण २० आठवड्यांचा होतो तेव्हा तिच्या इवल्याशा अंडाशयात ६० ते ७० लाख स्त्रीबीजं असतात. जन्माच्या वेळी त्यातली १० ते २० लाख उरतात आणि पुढे संख्या कमीच होत जाते. म्हणजे ज्या स्त्रीबीजापासून तुम्ही झालात ते तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात असताना तयार झालेलं होतं. पाचव्या-सहाव्या महिन्याची बाई फवारलेल्या शेतात खुरपत असेल, तर त्या एका अंगाबरोबर तीन पिढ्या शेतात असतात.

हे माणसांत दिसलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांच्या रक्ताचे नमुने घेऊन जपून ठेवले होते. तो डीडीटीच्या भरभराटीचा काळ. त्या नमुन्यांत डीडीटी मोजून पुढच्या पिढ्यांचा माग काढला, तेव्हा ज्या आज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणा आणि लवकर पाळी येणं जास्त आढळलं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. शेतीतल्या डीडीटीवर भारतात १९८९ मध्ये बंदी आली, म्हणजे आजच्या तरुण जोडप्यांच्या आज्यांनी ते हाताळलेलं असू शकतं. त्यावर आता काही करता येत नाही. पुढचं मात्र आपल्या हातात आहे.

दुसरी वाट बापाकडून, आणि नेमकी तीच विसरली जाते. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी सुमारे दोन आठवडे. म्हणजे दिवाळीत गर्भ राहिला तर त्यातला बापाचा वाटा श्रावणात घडायला सुरुवात झालेली असते, ऐन फवारणीच्या हंगामात. जमिनीतल्या सूत्रकृमींवर वापरलं जाणारं डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे औषध बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात १९७७ साली कामगारांच्या लक्षात आलं की, आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अगदी कमी निघाले, काहींच्यात शून्य. कामापासून दूर झाल्यावर ज्यांचे शुक्राणू फक्त कमी झाले होते त्यांतल्या बऱ्याच जणांचे भरून आले. शून्यावर गेलेल्यांतल्या अनेकांचे नाही. त्यांच्यापैकी कुणी विषबाधा होऊन कोसळलेलं नव्हतं.

तिसरी वाट सगळ्यात जास्त चर्चेतली आणि सगळ्यात कमी पक्की. जनुकांची अक्षरं न बदलता कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद, याच्या रासायनिक खुणा डीएनएवर असतात. त्यांना एपिजेनेटिक खुणा म्हणतात. गर्भधारणेनंतर लगेच, आणि पुन्हा गर्भाच्या बीजपेशी घडताना, अशा दोनदा त्या बहुतेक पुसल्या जातात. पण काही पुसल्या जात नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकेल स्किनर यांच्या गटानं २००५ मध्ये दाखवलं की, गाभण उंदरीणीला विन्क्लोझोलिन हे बुरशीनाशक टोचलं तर चौथ्या पिढीपर्यंतच्या नरांत शुक्राणू कमी राहतात. मात्र ती मात्रा शेतात माणसाच्या अंगात जाते त्याहून खूप मोठी होती. इथं एक बारकावा आहे. आई गरोदर असताना संपर्क आला तर नातवंडाचं बीजही त्या संपर्कात आलेलं असतं. विषाशी अजिबात संबंध नसलेली पहिली पिढी म्हणजे पणतवंडं. तिथवर परिणाम जातो का, हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. म्हणून ‘सात पिढ्या बरबाद’ छापाच्या मथळ्यांकडे दुर्लक्ष करा. पहिल्या दोन वाटा पुरेशा पक्क्या आहेत आणि काळजी घ्यायला तेवढं कारण पुरे.

डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो आणि काय नाही

आपल्याकडे औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. उंदरांच्या वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम तोंडावाटे दिल्यावर त्यांतले निम्मे मरतात, यावर तो रंग ठरतो: ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यावर हिरवा. म्हणजे हा रंग ‘आत्ता पोटात गेलं तर मराल का’ एवढंच सांगतो. गर्भाचं, शुक्राणूंचं, संप्रेरकांचं काय होईल याचा त्यात हिशेबच नाही.

द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब ही दोन्ही बुरशीनाशकं तोंडावाटे दिलेल्या मात्रेच्या मापात ५००० च्या वर बसतात, म्हणजे हिरव्या गटाचं माप. त्यामुळे ‘हे साधं आहे’ म्हणून उघड्या हातानं कालवली जातात. पण युरोपीय संघाच्या वर्गीकरणात दोन्ही प्रजननाला घातक गटात आहेत. कार्बेन्डाझिम जनुकांत बिघाड करणाऱ्या गटातही आहे. मँकोझेबची मंजुरी युरोपनं २०२० च्या अखेरीस काढली ती याच कारणावरून. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि ग्लुफोसिनेट हे तणनाशक, हीही युरोपच्या त्याच प्रजननाला घातक गटात आहेत. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची काळजी वेगळी: गर्भात असताना त्याचा संपर्क आलेल्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम आढळले आहेत.

तेव्हा कामाला लागायचं ते असं. कोठीतल्या सगळ्या डब्यांवरचं ब्रँडचं नाव सोडा आणि बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वहीत उतरवून घ्या. त्यातली वर सांगितलेली नावं वेगळी काढा. मूल होईपर्यंत ती घरच्या माणसानं हाताळायची नाहीत. पर्याय कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घटकाचं नाव सांगूनच विचारा. दुकानदाराला ‘दुसरं द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा तोच घटक दुसऱ्या डब्यातून मिळतो.

तीन महिने आधी

मूल हवं असं ठरवलं त्या दिवसापासून मागे नव्हे, पुढे तीन महिने मोजा. तेवढे दिवस नवऱ्यानं कालवणं आणि फवारणं दोन्ही बंद ठेवावं आणि तोवर गर्भधारणा टाळावी. हंगाम अडवत असेल तर सरळ हंगाम उरकून घ्या आणि शेवटच्या फवारणीपासून तीन महिने मोजा. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्यांना हे सहज जमतं. द्राक्षवाल्यांना अवघड, कारण गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत फवारण्या संपतच नाहीत. त्यांनी निदान कालवण्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं. आणि तो दुसराही बापच होणार असेल तर त्याला हे सांगावं. सालगड्याच्या बायकोचे दिवस राहिलेत का, हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

सगळं बंद करणं शक्यच नसेल तरी प्रमाण कमी केल्याचा फायदा होतोच. मिळालं तर सगळं, नाही तर काहीच नाही, असा हा मामला नाही.

बायकोनं याच तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावं. बाळाचा मज्जारज्जू आणि मेंदू ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बंद होते. पाळी चुकली, दोन आठवडे वाट पाहिली, मग चाचणी केली, तोवर ते काम आटोपलेलं असतं. म्हणून ‘दिवस राहिल्यावर शेतात जाणं बंद करू’ हा बेत उशिराचा आहे. मिश्री आणि तंबाखूही याच वेळी सुटली पाहिजे. ‘मिश्री काय, दाताला तर लावते’ हे खरं नाही, त्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं.

या काळात झटपट वजन उतरवण्याच्या मागे लागू नका. जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशकं चरबीत साठून असतात, आणि चरबी भराभर वितळली की ती रक्तात येतात.

घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या पोराच्या पाठीवर पंप देऊ नका, सुट्टी असली तरी. त्या वयात शुक्राणू घडवणारी यंत्रणा नुकतीच जागी होत असते.

कालवताना आणि फवारताना

सगळ्यात धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, कालवण्याचा आहे. हिशेब करून बघा. क्लोरपायरिफॉस २० ईसी (ईसी म्हणजे तेलात विरघळवलेलं औषध) म्हणजे लिटरमध्ये २०० ग्रॅम विष. एका लिटर पाण्याला अडीच मिली टाकलं तर फवाऱ्याच्या लिटरमध्ये फक्त अर्धा ग्रॅम. म्हणजे डब्यातलं औषध फवाऱ्यापेक्षा ४०० पट तीव्र. बोटावर सांडलेलं १ मिली म्हणजे अंगावर ४०० मिली फवारा ओतून घेतल्यासारखं. तरी लोक फवारताना रुमाल बांधतात आणि कालवताना काहीच नाही.

हातमोजे नायट्राइलचे (एक प्रकारचं रबर), जाड, मनगटाच्या वर येणारे घ्या. दवाखान्यातले पातळ चालत नाहीत आणि सुती किंवा चामड्याचे तर औषध शोषून हाताशी धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडे हात परवडले. वापरण्याआधी मोज्यात पाणी भरून पिळून बघा, बोटाच्या टोकाला भोक असेल तर कळतं. काढण्याआधी हातात असतानाच साबणानं धुवा, मग काढा, मग हात पुन्हा धुवा. पिकाच्या उंचीप्रमाणे बाही बदलते: खाली फवारत असाल तर बाही मोज्याच्या बाहेर, म्हणजे ओघळ आत शिरत नाही, द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा उंच कपाशीत हात वर असतील तर बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड दुमडलेली. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेर.

आता पाठीवरच्या पंपाकडे या. त्याच्या झाकणाचं वॉशर कडक झालेलं असतं, आणि वाकलं की औषध पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरतं. माणसाच्या अंगावर कातडी सगळीकडे सारखी शोषत नाही. पॅराथिऑन या औषधावर माणसांवर केलेल्या मोजणीत कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळ आणि डोक्याची कातडी सुमारे चौपट शोषते असं दिसलं, आणि वृषणाची कातडी जवळपास बारा पट. मूल हवं असलेल्या पुरुषासाठी यापेक्षा वाईट जागा दुसरी नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नवं वॉशर टाका, साधं पाणी भरून पंप आडवा करून बघा, आणि पाठीवर, पंप आणि शर्टाच्या मध्ये, युरियाच्या पिशवीतलं आतलं प्लॅस्टिक धुऊन कापून बांधा. पुढून ते गुडघ्यापर्यंत लुंगीसारखं असलं तर उत्तम, कारण फवारलेल्या झाडांतून चालताना मांड्या ओल्या होतातच. पँट ओली झाली की त्याच क्षणी बदला. शेताच्या बांधावर एक कोरडी जोडी आणि २० लिटर साधं पाणी ठेवल्याशिवाय फवारणीला सुरुवात नको.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा करोनातला कापडी मास्क वाफ अडवत नाही. ईसी म्हणजे तेलात विरघळवलेली औषधं मारताना सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज (वाफ शोषून घेणारी डबी) असलेला मास्क लागतो. त्यातून वास येऊ लागला की कार्ट्रिज संपलं समजा. दाढी असेल तर मास्क बसत नाही, कडेनं हवा शिरते.

वाऱ्याच्या दिशेला आडवे चाला आणि फवारा वारा जातो त्या बाजूला धरा. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकर मारू नका. जुना टूथब्रश खिशात ठेवा. आणि हातावर तंबाखू मळणं हा फवारणीतला मोठा चोर आहे: तळहातावरचं औषध चुन्यासकट गालात जातं.

द्राक्षात गोडी छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना (कोंब फुटतात त्या जागांना) हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, आणि ते काम बहुतेक बायका करतात, फडक्यानं किंवा स्पंजनं. मूल हवं असलेल्या किंवा दिवस राहिलेल्या बाईला हे काम देऊ नका. पुरुष करत असेल तर त्या दिवसांत दारू अजिबात नको. या औषधावर दारू पोटात गेली की छातीत धडधड, चेहरा लाल, रक्तदाब खाली, अशी अवस्था होते.

फवारलेल्या शेतात किमान २४ तास, लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ४८ तास कुणी शिरायचं नाही. खुरपणी, वेचणी, विरळणी ही बायकांची कामं नेमकी दुसऱ्याच दिवशी निघतात, आणि त्यांच्या अंगावर मोजे-मास्क काही नसतं. फवारणीचा दिवस ठरवतानाच पुढच्या दोन दिवसांत तिथं मजूर लावायचे नाहीत, हे ठरवून टाका.

रिकामा डबा चौथाई पाण्यानं भरून अर्धा मिनिट हलवायचा, पाणी पंपात ओतायचं, असं तीनदा. मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे त्यात पुढे कुणी रॉकेल, तेल किंवा पिण्याचं पाणी भरणार नाही.

कपडे कोण धुतं?

नवरा फवारतो, बायको त्याचे कपडे हातानं घासते, आणि पोटात बाळ तिच्या असतं. सगळी खबरदारी या एका बादलीत वाया जाते. नियम एकच: ज्यानं फवारलं त्यानं धुवायचे, मोजे घालून. दिवस राहिलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं त्यांना हात लावायचा नाही.

१. कपडे घराबाहेर काढा. घरात त्याच कपड्यांनी शिरून लेकराला उचलून घेऊ नका.
२. आधी साध्या पाण्यानं दोनदा खळबळा. हे पाणी विहीर, ओढा किंवा हातपंपाजवळ नको. पडीक जमिनीत टाका.
३. मग सोसवेल तितक्या गरम पाण्यात, जास्त पावडर घालून धुवा. एका वेळी एक-दोन कपडे, बाकी घरच्या कपड्यांत मिसळू नका.
४. तेलकट ईसी औषध पाण्यात विरघळणाऱ्या भुकटी-औषधापेक्षा चिवट असतं. वास राहिला तर पुन्हा धुवा.
५. उन्हात वाळवा. मशीन वापरलं असेल तर नंतर रिकामं गरम पाणी एकदा फिरवा.

डब्यातलं तीव्र औषध सांडून भिजलेला कपडा धुतला तरी साफ होत नाही; तो टाकून द्या. आणि फवारणीच्या सुती कपड्यांना खळ घालायची जुनी पद्धत कामाची आहे. औषध खळीत अडकतं आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातं. दर धुण्यानंतर नव्यानं घालावी लागते, एवढंच.

दिवस राहिल्यावर शिशाचाही विचार

शेतीच्या विषावर बोलताना शिसं बाजूला राहतं, पण आईच्या अंगातून बाळात जाण्याच्या बाबतीत त्याच्याइतकं सरळ काम दुसऱ्याचं नाही. शिसं हाडांत वर्षानुवर्षं, दशकं साठून राहतं. गरोदरपणात आणि पाजताना बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघतं आणि त्याच्याबरोबर शिसंही. लहानपणी बॅटरीच्या भट्टीजवळ राहिलेल्या बाईचं शिसं असं वीस वर्षांनी बाळाला भेटतं. आईचं रक्त आणि बाळ यांच्यामधली वार त्याला अडवत नाही.

उपाय साधा आहे: कॅल्शियम आणि लोह कमी पडू देऊ नका, कारण ते कमी पडलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. सरकारी योजनेत चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतात, त्या घ्या. लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तीळ त्याहून बरेच पुढे.

नवं शिसं कुठून येतं ते बघा. भडक पिवळी पॉलिश केलेली हळद टाळा, रंगासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग वापरल्याची उदाहरणं भारतात आणि बांगलादेशात सापडली आहेत. हळकुंडं आणून दळून घ्या. नागभस्म म्हणजेच शिशाचं भस्म, रससिंदूर पाऱ्याचा: गरोदरपणात नको, कुणीही दिलं तरी. शेंदराला हात लावला तर हात धुवा. कल्हईवाल्याच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं, तेव्हा चिंच-कोकमाची आमटी आणि ताक त्या भांड्यात ठेवू नका. कोकण-गोव्यात पागाच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावतात. त्या चुलीवर वितळवून ओतण्याचं काम घराजवळ होऊ देऊ नका. घर रंगवायचं काढलं असेल तर जुना रंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, भिंतीवरचा थर त्याआधीचा असू शकतो.

मासे खाणाऱ्यांनी मोठी मुशी टाळावी, पारा मोठ्या शिकारी माशांत साठतो. बांगडा, तारली, मांदेली खुशाल खा.

धान्याची कोठी

तांदळाला बोरिक पावडर लावायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, कॅरमवर टाकतात तीच. बोरिक अॅसिड युरोपच्या यादीत प्रजननाला घातक गटात आहे. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतला तर अंगात जाणारा अंश फार थोडा, म्हणून घाबरायचं काम नाही. पण कोरड्या तांदळाला हातानं चोळताना ती श्वासात जाते, आणि गरज काहीच नाही. कडक ऊन द्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळी-कडधान्यांना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. सल्फासच्या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीच नकोत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेत जीव घेतो. ढेकणांवर, मुंग्यांवर शेतातलं औषध मारणंही तितकंच वाईट: शेतात ऊन-वारा ते मोडतो, बंद खोलीत ते महिनोन्‌महिने टिकतं.

भाजी-फळं १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून १५ मिनिटं ठेवली तर सालीवरचं बरंच औषध जातं. झाडात मुरणारी आंतरप्रवाही औषधं जात नाहीत. त्यासाठी फवारणी आणि तोडणी यांच्यातले डब्यावर लिहिलेले दिवस पाळणं, हाच उपाय.

दवाखान्यात काय सांगायचं, काय तपासायचं

‘शेती करतो’ एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. घटकाचं नाव, तारीख, किती तास, कालवलं की फवारलं, नंतर काय झालं, असं पाच रकान्यांचं टिपण न्या. निर्यातीच्या द्राक्षांसाठी फवारणीची वही ठेवावीच लागते. त्यातच ‘कुणी मारलं’ हा एक रकाना वाढवा.

क्लोरपायरिफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसवाली औषधं मारणाऱ्यांनी कोलिनएस्टरेजची, म्हणजे ही औषधं ज्याचं काम बंद पाडतात त्या विकराची, रक्ततपासणी दोनदा करावी: एकदा हंगामाआधी, शेवटच्या फवारणीला महिना उलटल्यावर, आणि एकदा ऐन हंगामात. फक्त हंगामातला एक आकडा बघून काही कळत नाही, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते. कॅलिफोर्नियातला शेतकामगारांसाठीचा नियम वापरण्याजोगा आहे: मूळ पातळीपेक्षा २० टक्के घट आली की कामाची पद्धत तपासा, लाल पेशींतली पातळी ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातली (रक्तातल्या द्रवातली) ६० टक्क्यांवर आली की फवारणी बंद, ८० टक्क्यांपर्यंत भरून आल्याशिवाय परत नाही. गरोदरपणात प्लाझ्मातली पातळी आपोआप कमी होते, त्यामुळे त्या काळात तो आकडा एकटा बघून विषबाधा ठरवू नये.

शिशाची शंका असेल तर रक्त शिरेतून घेतलेलं हवं; बोट टोचून घेतलं तर कातडीवरचं शिसं मिसळून आकडा फुगतो. गरोदर बाईत ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर स्रोत शोधायला लागा. शिसं उतरवणारी औषधं स्वतःहून घेऊ नका, ती हाडांतलं शिसं ढवळून रक्तात आणू शकतात. पाजणं थांबवायची वेळ सहसा येत नाही: अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनात आईच्या रक्तात ४० किंवा जास्त असेल तरच दूध काढून टाकायला सांगितलं आहे. कीटकनाशकाच्या भीतीनं अंगावरचं दूध तोडू नका. वरच्या दुधात आणि ते कालवायच्या पाण्यातही अंश असतातच.

फवारताना लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या तर कपडे उतरवून अंग साबणानं धुवा, १०८ बोलवा, डबा बरोबर घ्या, उलटी करवू नका. बरं झाल्यावर पुरुषानं त्या दिवसापासून पुन्हा तीन महिने मोजावेत. वीर्यतपासणी करायची असेल तर तीही तीन महिन्यांनंतरच. त्याआधीचा अहवाल विषबाधेच्या दिवसांत घडत असलेल्या शुक्राणूंचा असतो.

‘तुमच्या एपिजेनेटिक खुणा तपासून बाळाचं भविष्य सांगू’ अशा जाहिराती आता दिसू लागल्या आहेत. त्या अहवालावरून एखाद्या जोडप्याला काही नेमकं सांगता येईल असं आज तरी काही नाही. ते पैसे मोजे, गमबूट आणि कार्ट्रिजच्या मास्कवर घाला.